कोरा नमुना

भाऊ फोनवर आधी वजन विचारतात.
किती सोनं लागतं गं तुझ्या कामाला?
मी सांगते, एका गुंजेचे पाच हजार भाग करा,
त्यातला एक.
पलीकडून थोडा वेळ काहीच येत नाही.
मग, "एवढ्यानं तर फुंकणीला शिंकसुद्धा यायची नाही."

ग्लासगोत चार वाजताच अंधार पडलाय.
खिडकीखाली रॉटनरोचा चढ, ओल्या फरशा,
आणि माझ्यासमोर नखाएवढी चकती,
जिच्यावरचं सोनं पिवळं नाही.
इतकं बारीक केलं की सोनं रंग सोडतं.
तिरकं धरलं तर काळपट लाल दिसतं,
वाळलेल्या जांभळाच्या सालीसारखं.

सूक्ष्मदर्शकाखाली तिथे टेकड्या आहेत, खिंडी आहेत.
दोन कणांमधली फट एवढीशी
की केसाच्या रुंदीत अशा सोळा हजार मावतील.
लेसर त्या फटीत शिरतो
आणि आमच्या सराफ कट्ट्यामागच्या बोळात
हाक घुमायची
तसा घुमत राहतो.
एखादा रेणू तिथे अडकलेला असेल
तर त्याचं पुटपुटणंही ऐकू येतं.

खातूनबी झारेकरीण पहाटे यायची.
दुकानापुढची धूळ, भट्टीची राख,
पायपुसण्याची झटक, गटारातला गाळ
सगळं परातीत घेऊन पाणी गोल गोल फिरवायची.
माती जायची. तळाशी राहायची
ती डोळे बारीक करून बघावी लागायची.
भाऊ तिच्याकडून वर्षाचे पैसे घ्यायचे,
आपलाच कचरा नेऊ देण्याचे.
मला तेव्हा त्यात काही वाटायचं नाही.
ती कचऱ्यात सोनं शोधायची.
मी सोनं परातीसारखं वापरते
आणि शोधते भलतंच काही.

नोव्हेंबरचे तीन आठवडे कोऱ्या नमुन्यानं खाल्ले.
कोरा म्हणजे नुसतं पाणी, ज्यात काही नसायलाच हवं.
आणि आलेखावर एक हजार दोनपाशी
टोक उभं, रोज, न चुकता.
पाणी बदललं. बाटली बदलली.
हातमोज्यांची कंपनी बदलली.
शेवटी मोरॅगनं खुर्ची ओढली
आणि तासभर आलेखाकडे नाही, माझ्याकडे बघत बसली.
म्हणाली, थेंब सोडताना तू मोजतेस.
तोंडानं. तुझ्या भाषेत असावं ते.
आणि मास्क हनुवटीवर.

म्हणजे ते टोक माझं होतं.
पाच म्हणताना ओठ फुटतात ना,
त्या "पा"मधून उडालेलं
डोळ्यांना कधीच न दिसलेलं काहीतरी.
आता मनात मोजते.
पाणी कोरं झालं.

आज इस्पितळाच्या गोठवलेल्या साठ्यातला थेंब.
नाव नाही, चारशे सतरा.
मार्चमधली रात्र. छाती जड, बाकी सगळं ठीक,
असं कुणीतरी घाईत लिहिलेलं.
त्या रात्रीच्या तपासणीत काही नव्हतं.
सकाळच्या तपासणीत होतं.
माझ्या चकतीवर रात्रीच्याच थेंबात
ठरल्या जागी टोक वर आलं,
बुटकं, पण हललं नाही.
तीनदा केलं. तीनदा आलं.
आठ महिने उशिरा.
चारशे सतराचं पुढे काय झालं
तो रकाना आम्हाला दिसत नाही.
मी मास्क नीट केला
आणि विनाकारण पुन्हा एकदा कोरा नमुना लावून पाहिला.

सापडलं? भाऊ विचारतात.
सापडलं.
मग वेगळं कसं काढता?
काढायचं नसतं, भाऊ. आहे, एवढंच सांगायचं.
वेळेत सांगता आलं तर बरं.
आणि ती चकती?
पिवळ्या डब्यात. रक्त लागलेलं असतं, जाळतात.
सोन्यासकट?
सोन्यासकट.

बराच वेळ काही नाही. मागे पंखा फिरतोय,
कुणीतरी शटर ओढतंय.
मग हळू आवाजात, धंद्यातलं बोलावं तसं,
भाऊ विचारतात,
राख कुठे टाकतात?